खाज उठली कुठे आणि केव्हा?

अंगावर काही उठलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : काल काय खाल्लं होतं? मग वांगं बंद होतं, अंडं बंद होतं, सुकट-बोंबील बंद होतात. महिनाभर पथ्य पाळूनही खाज हटली नाही की ‘रक्त खराब झालंय’ असा निकाल लागतो. पण राजगुरुनगर, चाकण, भोसरी या पट्ट्यात त्वचेच्या ॲलर्जीची बरीचशी कारणं पानात वाढलेली नसतातच. ती बांधावर उगवतात, मशीनच्या टाकीत असतात, कपाळावर चिकटवलेली असतात, कधी तर खाजेवरच लावलेल्या मलमात असतात. ती शोधायची तर दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात : खाज उठली ती जागा आणि उठली ती वेळ.

पुण्याच्या उकिरड्यावरचं रोप

पहिला पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटांवर आणि पडीक रानात गाजरासारख्या कातरलेल्या पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं एक झुडूप फोफावतं. कुणी त्याला गाजर गवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटक चांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ मेक्सिकोच्या बाजूचं. भारतातल्या त्याच्या फैलावाचा इतिहास सुरू होतो तो पुण्यात. 1951 साली प्रा. परांजपे यांना पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर याची तुरळक रोपं दिसली आणि 1956 मध्ये राव यांनी भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली.

‘पीएल-480च्या अमेरिकन गव्हातून हे आलं’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो कायदा मात्र 1954चा आहे आणि रोपं त्याआधीच दिसली होती. अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. पण दोष एकट्या पीएल-480च्या माथी मारता येत नाही. एक झाड हजारो बारीक बिया टाकतं. त्या वाऱ्यावर, पाण्याबरोबर, वाळू-मुरमाच्या ट्रकबरोबर आणि शेणखतातून फिरतात. जिथे माती उकरली जाते तिथे हे गवत आधी येतं. रस्ता रुंद करणं, प्लॉट पाडणं, एमआयडीसीसाठी जमीन सपाट करणं ही कामं या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालू आहेत.

पुण्यातल्या डॉक्टरांना याचा दुसरा चेहरा लवकरच दिसू लागला. चेहरा आणि मान लाल होऊन सुजलेली, पुढे कातडी काळवंडून जाड झालेली, दर पावसाळ्यात दुखणं उलटणारं असे रुग्ण येऊ लागले. 1968 मध्ये लोणकर आणि जोग यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे 1974 मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा लेख आला आणि पुण्याचं हे दुखणं जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना माहीत झालं.

दोषी रसायनाचं नाव पार्थेनिन. पानं, खोड आणि फुलं यांवरच्या सूक्ष्म लवेत ते असतं. गवत वाळलं तरी त्याचा जोर जात नाही. उलट वाळून चुरा झाला की तो धुळीत मिसळतो आणि वाऱ्यावर अंगावर येतो. म्हणून रुग्णाने गवताला हात लावलेलाच असावा असं नाही. मोटारसायकलवरून रोज गवत माजलेल्या रस्त्याने जाणं-येणंही पुरतं.

जागा कशी बोलते ते इथे फार स्वच्छ दिसतं. उन्हाची ॲलर्जी असेल तर जिथे ऊन पोचत नाही त्या जागा बहुधा सुटतात : वरची पापणी, कानामागचा खळगा, हनुवटीखालचा त्रिकोण, मानेच्या वळ्या. हवेतून येणारी धूळ नेमकी याच ठिकाणी साचते. म्हणून पापण्या सुजलेल्या, कानामागे चिरा पडलेल्या, कोपराच्या आतल्या बाजूला आणि शर्टाच्या उघड्या गळ्यापाशी चट्टे, असा नकाशा असेल तर गाजर गवताचा संशय घ्यावा. दुखणं जुनं झाल्यावर काहींना ऊनही सोसेनासं होतं आणि मग दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. अशा वेळी तपासणीशिवाय निवाडा होत नाही. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्यामुळे गाजर गवताच्या काही रुग्णांना फुलशेतीतही त्रास होतो.

मिनिटांचं दुखणं, दिवसांचं दुखणं

दुसरा पुरावा वेळेचा. ‘ॲलर्जी’ या एकाच नावाखाली आपण दोन वेगळी दुखणी घालतो.

पहिलं म्हणजे अंगावर पित्त उठणं, डॉक्टरांच्या भाषेत अर्टिकारिया. त्वचेतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत लालसर, फुगीर गांधी उठतात. एका जागची गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते. तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. एखाद्या गांधीभोवती पेनने रेघ काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रेघ रिकामी सापडली, तर ते पित्त.

दुसरं म्हणजे स्पर्शाने होणारा ॲलर्जीचा इसब. इथे हिस्टामिनचं फारसं काम नसतं. निकेल, क्रोमियम, पार्थेनिन यांसारखे बारीक रेणू कातडीत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ही जोडी उचलून लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे तिची ओळख ठेवणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या पहिल्या टप्प्याला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात आणि त्या काळात अंगावर काहीच दिसत नाही. नंतर मात्र प्रत्येक स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, मग खपली असा क्रम चालतो.

यातून दोन गोष्टी निघतात. सोमवारी उठलेल्या चट्ट्याचं कारण सोमवारच्या जेवणात शोधण्यापेक्षा शुक्रवार-शनिवारच्या कामात शोधावं. आणि ‘वीस वर्षं हेच वापरतोय, आजवर काही झालं नाही’ हा बचाव चालत नाही. ओळख कुठल्याही वर्षी पटू शकते, आणि एकदा पटली की ती सहसा जन्मभर राहते.

शिफ्ट आणि शेत

खेड तालुक्यातली कितीतरी माणसं आठवडाभर चाकणला शिफ्ट करतात आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या कांद्या-बटाट्यात उतरतात. त्यामुळे एकाच माणसापुढे कारखाना आणि रान असे दोन संशयित असतात. इथे दिनदर्शिका कामाला येते. सुट्टीत, दिवाळीत किंवा गावच्या यात्रेला चार दिवस रजा घेतल्यावर हात सुधारले आणि कामावर रुजू झाल्यावर पुन्हा फुटले, तर कारण शॉपफ्लोअरवर आहे. सुट्टीतच चेहरा भडकला, तर खुरपणी आणि बांधाकडे पाहावं.

सीएनसी आणि ग्राइंडिंगच्या मशीनवर कूलंटचा संबंध येतो. पाण्यात मिसळून वापरायच्या या द्रवात तेल, साबणासारखी द्रव्यं, गंज रोखणारी रसायनं आणि जंतुनाशकं असतात. दिवसभर ओल्या राहिलेल्या हाताची कातडी त्याने आधी कोरडी पडते, मग बोटांच्या बेचक्यांत तडकते. हा झाला साधा दाह, तो कुणालाही होईल. तडकलेल्या कातडीतून जंतुनाशक आत जातं आणि काहींना त्याची खरी ॲलर्जी जडते. सुट्टीनंतर टाकीला वास सुटतो आणि अंदाजाने जास्तीचं जंतुनाशक ओतलं जातं, तेव्हा हा धोका वाढतो. रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटची तीव्रता मोजणं आणि जंतुनाशक ठरलेल्या मापानेच घालणं हे मशीनइतकंच हातांसाठीही गरजेचं आहे. शिफ्ट संपल्यावर थिनरने किंवा डिझेलने हात धुण्याची सवय तर उरलीसुरली कातडीही खरवडते.

मग हातमोजे घालावेत का? काम पाहून. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा अडकून हात ओढला जातो, तिथे तो घालायचाच नाही. सुटे भाग धुताना, तेल भरताना, टाकी साफ करताना नायट्राइलचे मोजे उपयोगी. इपॉक्सी चिकटवताना पातळ लॅटेक्सचे मोजे फसवे असतात, कारण रसायन त्यांतून पार होतं. काहींना रबर बनवताना घातलेल्या थायुरामसारख्या रसायनांचीच ॲलर्जी असते. अशा माणसाच्या मनगटावर मोजा संपतो तिथे चट्ट्याची जणू पट्टीने आखलेली कड दिसते. बांधकामावर ओल्या सिमेंटमधलं क्रोमियम हाच त्रास देतं. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियमवर दहा लाखांत दोन भागांची मर्यादा आहे.

कामामुळे होणारा असा त्वचादाह 1948 च्या कारखाने अधिनियमाने कळवण्याजोग्या व्यावसायिक आजारांच्या यादीत घातला होता. म्हणजे हे ‘ज्याच्या-त्याच्या अंगाचं’ खासगी दुखणं नाही. मालक, सेफ्टी ऑफिसर आणि कंपनीचे डॉक्टर यांनी दखल घ्यावी असा हा विषय आहे. प्रत्येक रसायनाबरोबर येणारं सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला कामगार एमएसडीएस म्हणतात, मागून घ्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

घरातले संशयित

घरात जागेचा पुरावा आणखी नेमका ठरतो. लसूण सोलणाऱ्या उजव्या हाताच्या बाईची डाव्या हाताची तीन बोटं फुटतात : अंगठा, तर्जनी आणि मधलं. कारण पाकळी डाव्या हातात धरलेली असते आणि सुरी उजव्या. लसणातलं डायअलिल डायसल्फाइड बहुतेक हातमोज्यांतूनही आत शिरतं, त्यामुळे अशा वेळी सोलण्याचं काम दुसऱ्याकडे देणं हाच उपाय.

कानाच्या पाळ्या, मनगट, बेंबीखालचा पट्टा या जागा निकेलच्या. खोटे दागिने, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण यांतून ते घामात उतरतं. डायमिथाइलग्लायऑक्झीमचे थेंब घालून कापसाने धातू घासला आणि कापूस गुलाबी झाला, तर त्यात निकेल सुटतंय हे जागच्या जागी कळतं.

कपाळाच्या मधोमध खाज येते, किंवा खाज न येताही टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो, तो टिकलीच्या डिंकातल्या रसायनांमुळे. घरात त्याला लगेच कोड ठरवून बसतात. टिकली तेव्हाच बंद केली तर पुष्कळदा रंग परत येऊ लागतो. उशीर झाला तर उपचार लांबतात.

केस रंगवल्यावर एक-दोन दिवसांनी पापण्या सुजल्या, कान आणि केसांच्या कडेची कातडी पाझरू लागली, तर पॅराफिनिलिनडायमिन म्हणजे पीपीडी आठवावं. डोक्याची कातडी जाड असल्याने तिथे खुणा कमी आणि कडेला जास्त. लग्नसराईत हातावर लगेच गडद काळी उमटणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते मिसळलेलं असू शकतं. अस्सल मेंदी तांबूस रंगते.

आंब्याच्या दिवसांत ओठांभोवती फोड आले की ‘आंबा उष्ण पडला’ म्हणतात. बहुतेकदा दोष सालीजवळच्या चिकाचा असतो. आंबा धुऊन, देठ कापून चीक जाऊ दिला आणि साल तोंडाला न लावता फोडी खाल्ल्या तर पुष्कळांना गर सोसतो. त्याच कुळातला बिब्बा याहून जहाल. टाच भेगाळली, सांधा धरला म्हणून लावलेला बिब्बा उतला की फोड, सूज, काळे व्रण असा प्रताप होतो. दुसऱ्या महायुद्धात धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणांमुळे भारतातल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चट्टे उठले होते. 1943 मध्ये त्यावर वैद्यकीय लेखही प्रसिद्ध झाला.

आणि ज्याचा संशय सहसा कुणी घेत नाही ते मलम. जखमेवर लावायच्या निओमायसिन किंवा नायट्रोफ्युराझोनची ॲलर्जी आपल्याकडे चांगलीच आढळते. मलम लावूनही जखमेभोवतीचा चट्टा वाढतच चालला असेल, तर मलमच थांबवून पाहावं लागतं.

थंडीचं पित्त आणि परतणारा डाग

पित्ताचेही काही चमत्कारिक प्रकार असतात. पावसात भिजत गाडी चालवल्यावर किंवा गार पाण्याने हात धुतल्यावर तेवढ्याच भागावर गांधी उठतात, ते थंडीचं पित्त. हे नुसतं गमतीचं नव्हे. अशा माणसाने थंडीत भीमेत किंवा विहिरीत सूर मारला तर सगळ्या अंगाला एकदम धक्का बसून रक्तदाब कोसळू शकतो. घाम येताच टाचणीच्या डोक्याएवढ्या चुणचुणणाऱ्या गांधी उठणं हा दुसरा प्रकार. भट्टीजवळ काम करणाऱ्याला तो फार छळतो. नखाने ओढलेली रेघ पाच-दहा मिनिटांत फुगून वर येणं हा तिसरा. साध्या पाण्याच्या स्पर्शाने पित्त उठतं असेही लोक जगात आहेत, पण अगदी मोजके.

औषधाची एक ॲलर्जी मात्र पत्ता सोडत नाही. ठरावीक गोळी घेतली की दर वेळी ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर नेमक्या त्याच जागी गोल, जांभळट डाग उठतो आणि मागे काळपट खूण राहते. जुलाबावरची, तापावरची किंवा अंगदुखीवरची गोळी अनेकदा यामागे असते. त्या गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावं.

खाजणारं सगळंच ॲलर्जी नसतं. रात्री वाढणारी आणि घरातल्या सगळ्यांना लागलेली खाज खरजेची. कड उठावदार, मध्य मोकळा अशी वाढत जाणारी वर्तुळं गजकर्णाची. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पीडेरस नावाचा बारीक किडा अंगावर चिरडला की चाबूक ओढल्यासारखा भाजल्याचा पट्टा उठतो. त्याला नागीण समजून उपचार सुरू होतात. आणि खाज नसलेला, स्पर्श न कळणारा फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. तो लपवण्यापेक्षा सरकारी दवाखान्यात दाखवावा, तिथे औषध मोफत मिळतं.

पाठीवरची परीक्षा

स्पर्शाच्या ॲलर्जीचं कारण ठरवणारी तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये ती मांडली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. ठरलेल्या प्रमाणातले संशयित पदार्थ छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा पाहतात. भारतासाठीच्या ठरीव संचात निकेल, क्रोमियम, पीपीडी यांच्याबरोबर गाजर गवतही असतं. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येणारं काम टाळायचं, म्हणून वेळ ठरवूनच जावं. चट्टे भडकलेले असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही चाचणी बहुधा पुढे ढकलतात. कंपनीतलं कच्चं रसायन घरच्या घरी हातावर लावून पाहू नये, कातडी भाजते.

शे-दोनशे पदार्थांची यादी छापून देणारी रक्ततपासणी इथे उपयोगाची नाही. ती रक्तातली आयजीई प्रतिद्रव्यं मोजते. स्पर्शाचा इसब घडतो टी-पेशींमुळे. त्या यादीवरून गहू, दूध, डाळ सोडणारी माणसं अशक्त होतात आणि खाज जागच्या जागी राहते.

मग करायचं काय?

सगळ्यात मोठं औषध म्हणजे कारणापासून दूर राहणं. ते सापडेपर्यंत कातडी सांभाळावी. कोमट पाणी, सौम्य साबण, अंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलीन. पाझरणाऱ्या चट्ट्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. हळद, कडुनिंब, लिंबू, डेटॉल असं काही चोळू नये. खाजेच्या गोळ्या पित्तावर चांगल्या चालतात, इसबावर त्यांचा उपयोग बेताचाच.

मेडिकलमधून मागून आणलेल्या, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या ट्यूबने दोन दिवसांत आराम पडतो. म्हणूनच ती घातक. गजकर्ण तिच्या आडोशाने पसरतं, चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल पडते. 2018 मध्ये अशा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांत आणलं गेलं. डॉक्टरांनी ठरवलेलं स्टिरॉइड, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस लावलं तर तेच उत्तम औषध आहे. गाजर गवताच्या हट्टी रुग्णांना ॲझाथायोप्रिनसारखी औषधंही देतात, पण ती रक्ततपासणीच्या देखरेखीखाली.

डॉक्टरांकडे जाताना चट्टा उठला त्या दिवसाचा मोबाइलवरचा फोटो, तारखा, शिफ्ट आणि सुट्ट्या, लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत. पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर त्या रुग्णालयाचाही हक्क आहे. मात्र ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, चक्कर येणं यांपैकी काही झालं, किंवा नव्या औषधानंतर ताप येऊन तोंडात फोड आले आणि कातडी सुटू लागली, तर ओपीडीची वाट पाहायची नाही. 108 ला फोन करून तडक मोठं रुग्णालय गाठायचं.

गाजर गवताचा बंदोबस्त एकट्याच्या बांधावर होत नाही. फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मोजे आणि पूर्ण बाह्या घालून ते मुळासकट उपटायचं. ज्याला त्रास आहे त्याने या कामात पडायचं नाही आणि उपटलेला ढीग वाळवून रस्त्याकडेला सोडायचा नाही. बंगळुरूत 1984 पासून सोडलेला मेक्सिकन भुंगा त्याची पानं खातो आणि टाकळा त्याला दाबतो, पण मोकळा प्लॉट दर वर्षी नव्याने उकरला जात असेल तर दोघेही कमी पडतात. म्हणून ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि प्लॉटधारक कंपन्या यांनी जून-जुलैत एकदमच हात घातला पाहिजे. घरच्या पथ्याची यादी आखडती घ्यावी आणि तेवढा वेळ कुंपणाबाहेरच्या गवतावर आणि कूलंटच्या टाकीवर घालवावा. त्याने अधिक लोकांची खाज थांबेल.